अण्णा माझ्याकडे जेवत नसत

हैदराबादेत मी आजवर जे काही चांगलंचुंगलं खाल्लं, त्यातलं निम्मं अण्णांच्या हट्टापायी खाल्लं. अण्णा म्हणजे माझे वडील. उदगीरच्या बाजूला आमची कोरडवाहू शेती, ज्वारी आणि तूर. आमच्या घराण्यात रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत आईवडिलांनी तिच्या सासरच्या अन्नपाण्याला शिवायचं नाही. नातवंड झालं की आधी त्याचं तोंड बघायचं, मग पंगतीला बसायचं. बाकीच्यांची ही रीत लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांत आपोआप सुटते, आणि ती होती हेसुद्धा कुणाच्या ध्यानात राहत नाही. माझ्या लग्नाला वीसेक वर्षं झाली. मला मूल झालं नाही आणि अण्णांनी रीत सोडली नाही.

येणं मात्र त्यांनी कधी चुकवलं नाही. दर हिवाळ्यात तूर काढून झाली की ते सकाळच्या गाडीने काचीगुड्याला उतरायचे आणि रिक्षा करून बरकतपुऱ्याला आमच्या घरी यायचे. एका पिशवीत कपडे, दुसरीत पाण्याची बाटली, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. माझ्या घरी झोपलेलं त्यांना चालायचं. एकदा मी चिडून विचारलं, "मग अंथरूण कसं चालतं हो तुम्हाला?" तर म्हणाले, "झोप माझी मी घेऊन आलोय, माय."

बांधून आणलेली भाकरी एका दिवसात संपायची. मग आम्ही बाहेर पडायचो. सकाळी नारायणगुड्याला इडली नाहीतर मुगाच्या डोशासारखा पेसरट्टू, दुपारी हिमायतनगरला जेवण, संध्याकाळी इराण्याकडे चहा आणि बशीत उस्मानिया बिस्कीट. एका थंडीत माझ्या नवऱ्याने त्यांना पहाटेची नहारी, म्हणजे रात्रभर शिजलेला मटणाचा रस्सा, खायला नेलं. तो तीन पिढ्यांचा हैदराबादी मराठी, जुन्या शहरातल्या गल्ल्या त्याला तोंडपाठ. अण्णा परत आले ते मिशीला हात लावून वास घेत. हॉटेलवाल्याचे पैसे तेवढे तेच द्यायचे, त्यात आम्हाला हात घालू द्यायचे नाहीत. लोकांना वाटायचं, काय हौशी बाप-लेक आहेत, सदानकदा बाहेर जेवतात. घरी मी भाजी चिरून ठेवलेली असायची आणि ती रात्री आम्ही दोघं नवराबायको न बोलता संपवायचो.

मला राग यायचा. खोटं कशाला सांगू, खूप यायचा. आई गेली तेव्हा तर मी अण्णांशी महिनाभर धड बोलले नव्हते. ती माझ्या घरचा घोटभर चहासुद्धा न घेता गेली. तिच्या मनात असतं तरी अण्णांच्या आधी तिने घेतला नसता. सासूबाई हयात होत्या तोवर त्या हसून म्हणायच्या, "जुनी माणसं आहेत, चालायचंच." पण अण्णा जिन्यावरून उतरून कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा प्यायला निघाले, की शेजारच्या बायका माझ्याकडे बघायच्या. त्या बघण्याचा अर्थ मला कळायचा. या माणसाचं न जेवणं म्हणजे माझ्या रिकाम्या ओटीची दर वर्षी दिलेली दवंडीच, असं मला वाटायचं. शिक्षाच करतायत मला, असं वाटायचं.

या जानेवारीत ते आले तेव्हा गुडघ्यांनी पार दगा दिला होता. स्टेशनचा जिना उतरताना दोनदा बसले. गल्ल्यांतून फिरवून खायला घालणं आता जमण्यासारखं नव्हतं. तेव्हा नवऱ्याने शक्कल काढली. चेवेल्लाच्या पुढे एका जोडप्याची द्राक्षाची बाग आहे, ते घरच्या घरी थोडी वाइन करतात, राहायला दोन-तीन खोल्या आहेत आणि जेवण त्या बाजूचं, चुलीवरचं. "एक रात्र जाऊन येऊ. अण्णांना शेत बी मिळेल, खाणं बी. परेशान नाही व्हायचं," तो म्हणाला.

अण्णांना आधी पटेना. शेतकऱ्याने दुसऱ्याचं शेत बघायला गाडी करून जायचं, याचं त्यांना हसू आलं. "आणि तिथं चुलीवरची भाकर खायची? ती तर मी सोडून आलोय," म्हणाले. पण वाइनचं नाव काढल्यावर जरा कान टवकारले. तरुणपणी त्यांनी शिंदी भरपूर प्यायली होती, हे आईच्या टोमण्यांमुळे आम्हाला माहीत होतं.

आणि माझ्या डोक्यात वेगळंच काही शिजायला लागलं. त्या बागेत पाहुण्यांना चूल वापरू देतात, असं नवऱ्याने सांगितलं होतं. मी विचार केला, बाग काही माझं घर नाही. तिथं मी माझ्या घरचं पीठ, माझ्या घरची डाळ, माझ्या घरचा काळा मसाला नेला आणि रांधलं, तर? अण्णांना वाटेल बागवाल्यांचं जेवण. खातील. मागाहून सांगेन, नाहीतर सांगणारही नाही. मला एवढंच हवं होतं, की माझ्या संसारातलं अन्न एकदा त्यांच्या पोटात जावं. जिथं लोक आयतं खायला जातात तिथं मी पिठाचा डबा घेऊन निघाले. नवरा डिकीत सामान ठेवताना म्हणाला, "हे काय, बिऱ्हाड हलवतीयेस काय?" मी म्हटलं, "गप बसा."

चेवेल्लाच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी जुने वड आहेत. अण्णा पुढच्या सीटवर बसून एकेका वडाला मान डोलवत होते. बागेत पोचलो तेव्हा ऊन कोवळंच होतं. मालकीणबाई पन्नाशीच्या, तेलुगू, पण आमच्याशी दख्खनीत बोलायच्या. त्यांनी अण्णांना खुर्ची दिली, ती यांनी नाकारली आणि काठी टेकत सरळ बागेत घुसले. वेली मांडवावर नव्हत्या, तारांवर चढवल्या होत्या. मण्यांत नुकतं पाणी उतरायला लागलं होतं. अण्णांनी एक मणी बोटांत दाबून पाहिला, पानं उलटीपालटी केली आणि परत येऊन पहिलं काम काय केलं, तर आपल्या वाट्याचे पैसे मालकीणबाईंच्या हातात ठेवले. त्या नको नको म्हणत होत्या. नवरा माझ्याकडे बघून हसला. मी नाही हसले.

दुपारी पानात नाटुकोडी, म्हणजे गावरान कोंबडीचा रस्सा आणि चिंचेच्या न उकळलेल्या कोळाचं पच्ची पुलुसु आलं. मग तव्यावरच लावलेली सर्वपिंडी. अण्णांनी तुकडा तोडला आणि म्हणाले, "हे तर आपलं थालीपीठच. तांदळात शिरलंय एवढंच." मालकीणबाईंना मी त्याचा अर्थ सांगितला तेव्हा त्यांनी आणखी दोन वाढल्या. अण्णा घाम पुसत, नाक ओढत, मन लावून जेवत होते. मी त्यांच्याकडे बघत होते. हेच जेवणं, हेच बोटं चाटणं माझ्या स्वयंपाकघरात का नाही, एवढा एकच विचार. समोरचं अन्न मला गोड लागेना.

संध्याकाळी थंडी पडली. मालकांनी अंगणात टेबल मांडलं आणि चार पेले प्रत्येकापुढे ठेवले. कोणती वाइन कधीची, कोणती कशाबरोबर, हे ते समजावून सांगत होते. अण्णा हातपाय धुऊन, डोक्यावर टोपी नीट बसवून आले आणि सत्यनारायणाला बसल्यासारखे ताठ बसले. शेजारी जावई. सासरा-जावई एकत्र पिणार म्हणून नवरा इतका अवघडला होता, की पेला टेबलाखाली धरायला लागला. अण्णांनी बघितलं. "वर घ्या की जावईबापू. मी काय पोलीस हाय?"

पहिल्या घोटाला त्यांनी तोंड वाकडं केलं. दुसऱ्याला डोळे मिटले. "कवठासारखं लागतंय," म्हणाले, "जरा पिकायला आलेल्या." मालकांना हे फार आवडलं. चौथा पेला लाल होता. तो त्यांनी बराच वेळ नुसता हुंगला.

"तुझ्या आईला वास आवडला असता," ते मला म्हणाले. "चव नसती आवडली. पण वास घेत बसली असती."

मला भरून आलं. या माणसावर मी किती प्रेम करते, हे मला राग आलेला असतानाच नेमकं आठवतं. शाल त्यांच्या खांद्यावरून घसरली होती, ती मी नीट केली. त्यांनी माझा हात थोपटला. मनात म्हटलं, उद्या सकाळी जमणार.

सकाळी उठून मी मालकीणबाईंकडून चूल मागून घेतली. त्या खूश. "करो अम्मा, करो, मैं बी सीखतूं," म्हणून बाजूला पाट टाकून बसल्या. मी वरण शिजत घातलं, काळ्या मसाल्याची वांग्याची भाजी केली, भाकरी थापायला घेतल्या. नवऱ्याने ताटं मांडली. अण्णा आले, बसले, "आज मराठी बेत दिसतोय," म्हणाले. मी वाढलं. त्यांनी भाकरी मोडली, भाजीत बुडवली, घास तोंडाशी नेला आणि तिथंच थांबले.

ते चुलीकडे बघत होते. चुलीशेजारी माझा पिठाचा डबा होता, स्टीलचा. माझ्या रुखवतात दिलेला. तेव्हाच्या पद्धतीने त्याच्यावर देणाऱ्याचं नाव कोरून घेतलेलं होतं. अख्खं नाव, वडिलांच्या नावासकट, गावासकट. वीस वर्षं तो डबा मी रोज हाताळत होते, त्यामुळे त्याच्यावर काही लिहिलंय हेच मला दिसेनासं झालं होतं. ज्यांना फसवायचं, त्यांच्याच नावाचा डबा घेऊन मी फसवायला आले होते.

अण्णांनी घास हलकेच ताटात ठेवला, माझ्याकडे न बघता मालकीणबाईंना म्हणाले, "अम्मा, थोडा भात हाय का कालचा? मेरेकू भात देव." त्यांनी भात आणि कालचं पुलुसु आणून दिलं. अण्णांनी मोडलेली भाकरी उचलून माझ्या ताटात ठेवली आणि पुलुसुत कालवून तो भात खाली मान घालून खाल्ला. मालकीणबाईंना वाटलं भाकरी फसली. त्या मला धीर द्यायला लागल्या, की चूल नवी आहे, होतं असं.

मी उठले आणि बागेत गेले. रडायचं नाही असं ठरवलं होतं, तरी रडले. थोड्या वेळाने मागून काठीचा आवाज आला. अण्णा वेलींच्या ओळीतून हळूहळू येत होते.

"कशाला रडूलालीस?" ते म्हणाले.

मग माझा तोल गेला. जे वीस वर्षं बोलले नव्हते ते सगळं बोलले. "मी सेहेचाळीसची झाले, अण्णा. आता नातू होत नसतो. तुम्हाला कळतं का हे? डॉक्टर झाले, औषधं झाली, नवस झाले. दत्तकाचं बोलणं निघालं तेही आमच्याकडून मागे पडलं. जे नाही झालं त्यात माझा काय गुन्हा? दर वर्षी येता आणि माझ्या घरात उपाशी बसता. सगळ्या गल्लीला दाखवता, की हिच्या घरी अजून काही नाही. आई तशीच गेली. तुम्हीही तसेच जाणार का?"

अण्णा तारेचा खांब धरून उभे होते. गुडघे दुखत असणार. मी त्यांना बसा म्हटलं नाही, इतकी चिडले होते.

"तुला असं वाटूलालं होय," ते म्हणाले. "मी तुला शिक्षा करूलालो म्हणून?"

"मग काय वाटावं?"

"डॉक्टरनं सोडलं. जावईबापूनं सोडलं, पण कधी तोंडानं बोलले न्हाईत बिचारे. तू सोडलंस, तेबी मला कळलं, चार-पाच वर्षं झाली. तुझी आई बी शेवटी शेवटी म्हणाली, आता बास." त्यांचा आवाज बारीक झाला. "मी जेवलो की झालं. मग आपण सगळ्यांनीच सोडलं. मग त्या लेकराची वाट बघणारं कुणीच उरत न्हाई ना, माय."

इतकी वर्षं मी त्यांच्या उपाशी बसण्यात माझा अपमान बघत होते आणि हा म्हातारा माणूस एकटाच माझ्या मुलासाठी जागा धरून बसला होता. मला त्यांची इतकी कीव आली आणि इतकी माया आली, की राग कुठे गेला कळलंच नाही. मी त्यांना धरून बांधावर बसवलं आणि शेजारी बसले. दोघांचेही पाय धुळीत.

"ते लेकरू येणार नाही, अण्णा," मी म्हटलं. हे वाक्य मी तोवर मोठ्याने कधीच, कुणाहीपाशी म्हटलं नव्हतं. "मी आहे. तुमच्या जेवायची वाट मी बघतेय."

त्यांनी नाकाचा शेंडा पुसला. समोरच्या घडातला एक मणी तोडला, तोंडात टाकला, आंबट लागला तसा चेहरा केला. मग म्हणाले, "उठव मला. जावईबापू शोधत असतील."

दुपारी आम्ही निघालो. मालकीणबाईंनी अण्णांना लाल वाइनची एक बाटली दिली, ती त्यांनी मांडीवर उभी धरून ठेवली. गाडीत ते वडांकडे बघत राहिले, आम्हा दोघांशी इकडचं तिकडचं बोलत राहिले. गुडघ्यावर आणखी कुठला डॉक्टर बघावा, तुरीला यंदा शेंग कशी भरली, असलं. जेवणाचा विषय मी काढला नाही. मी बोलून चुकले, आता जे व्हायचं ते होईल, असं मनाशी म्हणत होते. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. आता जर ते म्हणाले असते, की कोपऱ्यावर गाडी थांबवा, काही खाऊन घेऊ, तर मला ते सहन झालं नसतं.

नारायणगुड्याच्या चौकात गाडी सिग्नलला थांबली. डावीकडे त्यांचं इडलीचं हॉटेल होतं. नवऱ्याने सवयीने विचारलं, "अण्णा, उतरायचं? खाऊन घ्यायचं इथं?"

"घरी चला," अण्णा म्हणाले.

घरी आल्यावर ते हातपाय धुऊन थेट स्वयंपाकघरात आले. तिथं ते कधीच येत नसत, दारातूनच बोलायचे. आमच्याकडे डायनिंग टेबल आहे, पण त्यांनी भिंतीला टेकवलेला पाट ओढून घेतला आणि गुडघ्यांचं हाय-हुय करत खाली बसले. "सकाळची भाकर उरलीय का?" त्यांनी विचारलं.

उरली होती. सगळी तशीच बांधून आणली होती. मी म्हटलं, "थांबा, ताज्या करते, पाच मिनिटं." तर म्हणाले, "नको. तीच दे."

मी भाजी गरम केली. नवरा दारात उभा होता, तो पुढे झाला आणि त्याने तांब्या-भांडं भरून ठेवलं. मी ताट त्यांच्यापुढे ठेवलं. मला आनंद व्हायला हवा होता आणि होतही होता, पण त्याच्या आतून एक कळ येत होती. अण्णा आता जेवणार, म्हणजे आता खरंच कुणी येणार नाही. हे मला माहीत होतं, वर्षानुवर्षं माहीत होतं. तरी ते त्या दुपारी, माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या डोळ्यांदेखत ठरत होतं.

अण्णांनी ताटाला नमस्कार केला. सकाळची गार भाकरी मोडली, भाजीत बुडवली. पण घास तोंडाकडे नेला नाही. हात माझ्यापुढे केला.

"पहिला त्याला भरवायचा होता," ते म्हणाले. "तू खा."

मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि लहान असताना खायची तशी तोंड उघडून तो घास खाल्ला. गिळायला मला फार वेळ लागला, तेवढा वेळ ते थांबले. मग त्यांनी ताट जवळ ओढलं आणि जेवायला सुरुवात केली.